कमी दाब बंगालच्या उपसागरात, मग झड पश्चिमेकडून कशी?

जुलैमधली सकाळ होती. बेळगावजवळच्या जांबोटी रस्त्यावरच्या एका टपरीत आम्ही चार-पाच जण चहा घेत उभे होतो. टपरीच्या पश्चिमेच्या अंगाला निळी ताडपत्री घट्ट बांधलेली, आणि झड आली की ती फुगून आतल्या बाकाला टेकायची. शेजारचे एक मामा पेपर वाचत होते. रोपलावण नुकतीच उरकलेली, पायाला अजून चिखल. पेपर घडी करून त्यांनी विचारलं, "सर, यात लिवलंय की कमी दाब बंगालच्या उपसागरात झालाय म्हणून आपल्याकडं पाऊस वाढणार. बंगाल हिकडं," त्यांनी पूर्वेकडं हात केला, "आणि ही झड तर गोव्याकडनं येतीया. मग त्या दाबाचा आणि आमच्या झडीचा संबंध काय?"

मी भूगोल शिकवतो. वीसहून अधिक वर्षं झाली. इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. बस आली म्हणून त्या दिवशी अर्धंच उत्तर देता आलं. उरलेलं इथं लिहितो आहे, कारण हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. दर पावसाळ्यात बातम्यांत नकाशा दाखवतात, कमी दाबाचं वर्तुळ ओडिशाजवळ काढतात आणि इशारा मात्र कोकण, गोवा आणि घाटमाथ्याला देतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी चुकलंय. चुकलेलं काही नसतं. मधला एक दुवा सांगायचा राहून जातो, आणि तो दुवा म्हणजे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं.

आधी चुलीची गोष्ट

वारा म्हणजे जागा बदलणारी हवा. ती जागा का बदलते, हे चुलीपाशी बसलेल्याला वेगळं सांगायला नको. जाळावरची हवा तापते, हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घ्यायला खालून, बाजूनं थंड हवा आत ओढली जाते. जिथून हवा वर निघून जाते तिथं जमिनीवर हवेचा भार कमी पडतो. तो कमी दाब. जिथं वरून हवा खाली उतरून साचते तिथं भार वाढतो. तो जास्त दाब. हवा जास्तीकडून कमीकडे जायला बघते. एवढे दोन शब्द पक्के धरले की पुढचं सोपं आहे.

पृथ्वीची चूल विषुववृत्ताजवळ पेटलेली आहे. तिथं ऊन वर्षभर जवळपास सरळ पडतं. हवा तापून वर चढते, वर गेल्यावर उत्तरेला आणि दक्षिणेला पसरते. पृथ्वी फिरत नसती तर ही हवा थेट ध्रुवांपर्यंत गेली असती, तिथं थंड होऊन खाली बसली असती आणि जमिनीलगत सरळ परत आली असती. उत्तर गोलार्धात कायम उत्तरेचा वारा, एवढाच कारभार राहिला असता.

तसं होत नाही. वरून निघालेली हवा साधारण ३० अंश अक्षांशाच्या आसपासच खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, तिच्यात ढग टिकत नाहीत. म्हणून नकाशावर ३० अंशांच्या आजूबाजूला बोट फिरवा: उत्तरेला सहारा आणि अरबस्तान, दक्षिणेला कालाहारी आणि ऑस्ट्रेलियाचं वाळवंट. तिथून जमिनीलगत विषुववृत्ताकडे परतणाऱ्या वाऱ्यांना आपण शाळेत व्यापारी वारे म्हणून शिकलो. पण तेही सरळ उत्तरेकडून येत नाहीत, ईशान्येकडून येतात. दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. ही तिरकी वाट कुठून आली?

खानापूरचं चाक

खानापूरच्या मातीला आणि कुंभारकामाला जुनं नाव आहे. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना घेऊन मी तिथल्या एका कुंभाराच्या अंगणात गेलो होतो. त्यांना विनंती केली की चाकावर ओल्या मातीचा पातळ थर द्या आणि चाक हळू फिरवा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. मग एका मुलीला सांगितलं, चाकाच्या मध्यावर काडी टेकव आणि समोरच्या फणसाकडे बघत ती सरळ बाहेर ओढ. तिनं हात अगदी सरळ नेला. सगळ्यांनी पाहिलं. चाक थांबवलं तर मातीवर उमटलेली रेघ सरळ नव्हती, उजवीकडे वळलेली होती. ती म्हणाली, "सर, मी वाकडं नाही केलं." खरंच नव्हतं केलं. हात सरळच गेला होता, खालची माती फिरत होती.

नंतर कुंभारमामांनी चाक उलटं फिरवून दाखवलं. रेघ डावीकडे वळली.

पृथ्वीवर हेच चालतं. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर पृथ्वी घड्याळाच्या उलट फिरते, दक्षिण ध्रुवाच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळासारखी. म्हणून उत्तर गोलार्धात वाहणारी प्रत्येक गोष्ट आपल्या वाटेच्या उजवीकडे ढळते आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. या ढळण्याचं गणित १८३५ साली गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञानं मांडलं. त्याच्या डोक्यात वारे नव्हते, पाणचक्कीसारखी फिरणारी यंत्रं होती. तरी आज हे नाव वाऱ्यांशीच जोडलं गेलं आहे. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १७३५ साली, जॉर्ज हॅडली नावाच्या लंडनच्या एका वकिलानं व्यापारी वाऱ्यांच्या तिरक्या वाटेचं कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे हे ओळखलं होतं.

हॅडलीची युक्ती आपल्या गावाला लावून बघू. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे धावते. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तरेला आहे. इथला फेरा थोडा लहान, त्यामुळे इथली जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगानं धावते. आता विषुववृत्तावरची हवा उत्तरेला निघाली तर ती आपला मूळचा जादा वेग सोबत घेऊनच येते. इथं पोचते तेव्हा ती जमिनीच्या पुढे पळते, म्हणजे पूर्वेकडे सरकते. उत्तरेकडे तोंड करून चालणाऱ्याची पूर्व म्हणजे उजवी बाजू. (हा ढोबळ हिशोब झाला. नेमका केला तर परिणाम आणखी मोठा निघतो, आणि पूर्व-पश्चिम जाणारी हवाही तशीच वळते.)

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. हे वळणं ध्रुवांवर सगळ्यात जास्त आणि विषुववृत्तावर शून्य. दिल्लीच्या नव्या संसद भवनात एक लांब लंबक टांगलेला आहे. याच वळण्यामुळे त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू फिरत जाते आणि एक पूर्ण फेरा घ्यायला तिला जवळपास ५० तास लागतात. तोच लंबक बेळगावात टांगला तर साधारण ८८ तास लागतील. ध्रुवावर २४. विषुववृत्तावर फेरा कधीच पूर्ण होणार नाही.

मग आम्हाला हे जाणवत का नाही?

मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. जमीन ताशी १,६०० किलोमीटर पळते तर तोंडावर वारा का लागत नाही? कारण हवाही आपल्याबरोबर तेवढ्याच वेगानं पळते. बेळगाव-पुणे एसटीत खिडक्या बंद करून बसलात तर गाडी कितीही पळू दे, आतली माशी मागच्या काचेवर जाऊन आदळत नाही.

दुसरा प्रश्न मोरीतल्या पाण्याचा. बादली ओतली की पाणी भोवरा करत जातं, ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे, असं अनेकजण खात्रीनं सांगतात. ते खरं नाही. त्या पाण्याची दिशा मोरीचा उतार आणि तुम्ही पाणी कसं ओतलंत यावर ठरते. पृथ्वीच्या फिरण्याचा ढकला फार बारीक असतो आणि त्याला काम करायला तासन् तास आणि शेकडो किलोमीटर लागतात.

किती बारीक, ते सांगतो. ताशी दीडशेच्या आसपास वेगानं टाकलेला क्रिकेटचा चेंडू अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. तेवढ्यात बेळगावच्या अक्षांशावर तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा ढळतो. कुणाच्या लक्षातही येणार नाही. आता ताशी ३६ किलोमीटर वेगाचा साधा वारा घ्या. त्याला दुसरं कशानं अडवलं नाही, तर सहा तासांत तो मूळच्या सरळ वाटेपासून जवळपास ९० किलोमीटर उजवीकडे गेलेला असेल. म्हणजे निपाणीला निघालेला माणूस सहा तासांनी भलत्याच तालुक्यात. ढकला तोच, वेळ वेगळा.

मॉरिशसच्या पलीकडून कणकुंबीपर्यंत

आता आपल्या झडीचा माग काढू. आपल्या पावसाळ्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. मादागास्कर आणि मॉरिशसच्या दक्षिणेला, साधारण ३० अंश दक्षिणेवर, हवा खाली उतरून मोठा जास्त दाब तयार होतो. याच काळात आपल्या उत्तरेला, राजस्थान-पाकिस्तानपासून गंगेच्या मैदानावरून बंगालच्या उपसागरापर्यंत, कमी दाबाचा लांब पट्टा पसरलेला असतो. हवा दक्षिणेकडून उत्तरेला निघते.

निघाल्यावर, दक्षिण गोलार्धात असल्यामुळे, ती आधी डावीकडे म्हणजे पश्चिमेला वळते. पुढे पूर्व आफ्रिकेचे डोंगर आडवे येतात. त्यांना घासत ती केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते, आणि ओलांडलं की नियम बदलतो. आता उजवीकडे. सोमालियाच्या किनाऱ्यावरून ती मोठ्ठं वळण घेऊन अरबी समुद्रावर येते आणि थेट आपल्या किनाऱ्याचा रोख धरते. हल्ली पुष्कळ शेतकऱ्यांच्या मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे दाखवणारं ॲप असतं. जूनमध्ये ते उघडा, आफ्रिकेच्या शिंगाजवळ हे वळण बाणांनी काढलेलं स्पष्ट दिसतं. समुद्रापासून एक-दीड किलोमीटर उंचीवर हा झोत सगळ्यात जोरात असतो, कधी ताशी ९० किलोमीटरवर जातो. १९६९ साली जॉन फिंडलेटर या हवामानतज्ज्ञानं त्याचं सविस्तर वर्णन केलं.

निघाल्यापासून आपल्यापर्यंत सात-आठ हजार किलोमीटरची ही वाट आहे, आणि त्यातली बहुतेक समुद्रावरून. वाटेत हवा बाष्प पीत येते. आपल्या पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या ताट्या किंवा ताडपत्र्या ज्या पाण्याला अडवतात, त्यातलं काही मॉरिशसच्या पलीकडून निघालेलं असतं. मला हे दरवर्षी नव्यानं सांगावंसं वाटतं.

दर्यावर्दी लोकांना ही वाट फार जुन्या काळापासून ठाऊक होती. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून वाटाड्या घेऊन निघाला आणि पाठीवर वारा घेऊन महिन्याच्या आत कालिकतला पोचला. परतताना त्यानं हंगामाचं ऐकलं नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ईशान्येचा वारा स्थिर व्हायच्या आत, तो निघाला. तोच समुद्र ओलांडायला जवळपास तीन महिने लागले आणि कितीतरी खलाशी स्कर्व्हीनं मेले.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

आता मामांचं उत्तर.

हवा कमी दाबाकडे सरळ धावत सुटत नाही. ती निघते त्या दिशेनं, पण पृथ्वीचं फिरणं तिला उजवीकडे ढकलत राहतं. ढकलत ढकलत अशी वेळ येते की कमी दाबाची ओढ एका बाजूनं आणि हा ढकला दुसऱ्या बाजूनं सारखे होतात, आणि हवा कमी दाबाला डाव्या हाताला ठेवून त्याच्या कडेकडेनं वाहू लागते. जत्रेत देवळाच्या दारावर चहूबाजूंनी माणसं धावतायत असं समजा, आणि प्रत्येकजण दारापासून थोडा उजवीकडे सरकतोय. कुणीच दारात पोचणार नाही. सगळे मिळून देवळाला फेरी घालू लागतील, देऊळ डाव्या हाताला ठेवून. वरून बघणाऱ्याला ती फेरी घड्याळाच्या उलट दिसेल. उत्तर गोलार्धातली सगळी चक्रीवादळं उलटी का फिरतात, त्याचं कारण एवढंच. आणि अगदी विषुववृत्ताजवळ चक्रीवादळ जवळपास कधीच का होत नाही, तर तिथं वळवणारा ढकलाच नाही.

यातून एक सोपी परीक्षा निघते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात पसरा. कमी दाब त्या बाजूला असतो. जमिनीच्या घर्षणामुळे हात जरा पुढे कललेला धरावा. एकोणिसाव्या शतकात डच शास्त्रज्ञ बाईस बॅलॉट यांनी सांगितलेला हा नियम आहे आणि नावाड्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला.

जुलैत शिवारात उभं राहून करून बघा. झड पश्चिमेची, पाठ पश्चिमेला, तोंड पूर्वेला. डावा हात कुठं गेला? उत्तरेला, जरासा ईशान्येकडे. म्हणजे बरोबर गंगेच्या मैदानाकडे आणि ओडिशा-बंगालकडे! बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होऊन ओडिशावरून छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडे सरकू लागला की त्याच्या दक्षिणेच्या अंगानं वाहणारा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो, आणि त्या दक्षिणेच्या अंगाला आपण बसलेलो आहोत. दाब जितका खोल, तितका आपला पश्चिमवारा जोराचा. अरबी समुद्रावरचं बाष्प तितकं जास्त ओढलं जातं आणि सह्याद्रीवर आपटतं. पाणी अरबी समुद्राचं, ओढणारा हात बंगालच्या उपसागराचा.

ऑगस्ट २०१९ आठवतो ना? पहिल्याच आठवड्यात बंगालच्या उपसागराच्या वायव्येला एक तीव्र कमी दाब झाला आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरला. इकडे घाटमाथ्यावर दिवसचे दिवस पाऊस थांबेना. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच एकदम फुगल्या. सांगली-कोल्हापूर बुडालं तसं चिकोडी, अथणी, गोकाक, खानापूरच्या काठची गावंही बुडाली. तेव्हापासून मी पूर्वेकडच्या दाबाची बातमी आली की नदीकाठच्या ओळखीच्यांना फोन करतो. फोन करण्यात काही शहाणपणा आहे असं नव्हे, पण दोन दिवस आधी गोठ्यातली जनावरं हलवता आली तर तेवढंच.

उलटा पडताळाही घेता येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर, समुद्रातून उत्तरेला गेलं. तेव्हा कमी दाब आपल्या पश्चिमेला होता. मग वारा कुठून यायला हवा? डावा हात पश्चिमेला धरा, पाठ आपोआप दक्षिणेला जाते. वारा दक्षिणेकडचा.

एकाच जिल्ह्यात दोन मुलूख

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. पश्चिमवारा सह्याद्रीला धडकला की वर चढतो, वर चढताना थंड होतो, बाष्पाचं पाणी होतं. कणकुंबी-आमगावकडे वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगर ओलांडला की तीच हवा खाली उतरते, कोरडी होत जाते. अथणीला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं. कणकुंबी आणि अथणी यांच्यातलं सरळ अंतर दीडशे किलोमीटरही नाही. कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेला समुद्र पन्नासेक किलोमीटरवर आहे, तरी ती त्याला पाठ दाखवून पूर्वेला जाते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडून आलेलं पाणी नदीनं पूर्वेला पोचवायचं, असा हा व्यवहार.

समुद्राचं पाणीसुद्धा वळतं

वारा वळतो तसं त्यानं ढकललेलं पाणीही वळतं. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचा शोधप्रवासी नानसेन आपलं जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मुद्दाम अडकवून वाहत गेला. त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेनं जात नाही, उजवीकडे तिरका जातो. पुढे एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञानं गणित करून दाखवलं की समुद्राचा वरचा थर एकूण मिळून वाऱ्याच्या काटकोनात सरकतो. उत्तर गोलार्धात अर्थातच उजवीकडे.

हे दूरचं वाटलं तर बेळगावच्या मासळी बाजारात चला. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः केरळ-कर्नाटकाकडे, वारा किनाऱ्याच्या कडेनं दक्षिणेकडे झुकतो. त्याची उजवी बाजू म्हणजे पश्चिम, खोल समुद्र. वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याची जागा भरायला खालून थंड, खतानं समृद्ध पाणी वर येतं. शेतात शेणखत पडावं तसं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यावर तारले आणि बांगडे पोसतात. जून-जुलैची मासेमारी बंदी उठली की गाड्या भरून बांगडा घाट चढून येतो. त्या माशाच्या अंगावरच्या चरबीत पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, असं मी म्हणालो तर ते अक्षरशः खरं आहे. सोमालियाच्या किनाऱ्यावर हेच याहून जोरात चालतं. आपल्या ऐन पावसाळ्यात तिथलं पाणी काही ठिकाणी २० अंशांच्याही खाली जातं.

मोठ्या महासागरांत असे वारे आणि असं वळणं मिळून पाण्याचे प्रचंड गोल फेरे तयार होतात. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच ३७० विमान नाहीसं झालं. हिंदी महासागराच्या पूर्व भागात शोध चालू होता. त्याच्या पंखाचा तुकडा जुलै २०१५ मध्ये सापडला तो मादागास्करजवळच्या रेयुनियाँ बेटावर, महासागराच्या दुसऱ्या टोकाला. दक्षिण हिंदी महासागरातल्या फेऱ्यानं तो वाहून नेला होता.

"जमीन तापते म्हणून मान्सून येतो", हे शाळेत शिकलो ते काय मग?

ते अर्धं खरं आहे, आणि आम्ही शिक्षक ते अर्धंच सांगून थांबतो याचं मला वाईट वाटतं. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, वारा समुद्राकडून येतो, हे ठीक. पण नुसतं तेवढंच असतं तर सगळ्यात जास्त पाऊस मेमध्ये पडायला हवा होता, कारण जमीन तेव्हा सगळ्यात जास्त तापते. मेमध्ये आपल्याला मिळतो तो वळीव, आणि तोही दुपारनंतर बहुधा पूर्वेकडून गडगडत येतो. जुलैत जमीन बरीच निवलेली असते तरी झड थांबत नाही. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जमीन उलट जास्त तापलेली सापडते.

पुण्यात वाढलेल्या आणि बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर काम केलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी या मुद्द्यावर भर दिला. त्यांचं म्हणणं असं की विषुववृत्ताजवळ वर चढणाऱ्या हवेचा आणि ढगांचा जो पट्टा आहे, सुरुवातीला सांगितलेली आपली चूल, तीच उन्हाळ्यात सूर्यामागोमाग उत्तरेला सरकते आणि थेट भारताच्या जमिनीवर येऊन बसते. मान्सून म्हणजे त्या चुलीचं स्थलांतर. असं पाहिलं की दक्षिण गोलार्धातली हवा विषुववृत्त ओलांडून इतक्या उत्तरेला का येते हे उमगतं, आणि पाऊस कधी सलग तर कधी दोन-दोन आठवडे गायब का, याचाही धागा लागतो. पट्टा मैदानावरून हिमालयाच्या पायथ्याला सरकला की आपल्याकडे उघडीप पडते.

मग अंदाज का चुकतात?

कारण ही चूल एकटी नाही. प्रशांत महासागरात व्यापारी वारे नेहमी गरम पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे ढकलून ठेवतात. काही वर्षी ते वारे ढिले पडतात, गरम पाणी पूर्वेला घरंगळतं आणि वर चढणाऱ्या हवेची जागाही सरकते. ते एल निनो. अशा वर्षी आपल्या भागावर हवा उतरण्याकडे कल राहतो. २०२३ साली हेच झालं आणि कर्नाटकातले बहुसंख्य तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले. पण १९९७ चा एल निनो त्याहून दांडगा असूनही भारतात पाऊस सरासरीएवढा पडला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग जास्त तापलेला होता आणि त्यानं तोल सावरला. म्हणून "एल निनो आला, पेरू नका" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नये.

मिरगाची तारीख आणि मान्सूनची तारीख यांचंही तसंच. मृग नक्षत्र दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं, कारण ते सूर्यावर ठरतं. मान्सून वाऱ्यावर ठरतो. २०२५ साली तो २४ मे रोजीच केरळात पोचला, २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. २०२३ साली ८ जून उजाडला. धूळवाफेवर भात पेरणाऱ्यानं नक्षत्राबरोबर वाऱ्याचा नकाशाही बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात आता एक भर पडली आहे. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. वारा तोच, वळण तेच, पण आणलेलं पाणी जास्त. दोन दिवसांत पडून जाणारा पाऊस आणि मग लांबलेली उघडीप, हे आपण अनुभवतोच आहोत.

सौंदत्तीच्या पवनचक्क्या

ऑक्टोबरमध्ये यल्लम्माच्या डोंगराकडे गेलात तर एक गोष्ट पाहा. पावसाळाभर पश्चिमेला तोंड करून उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची तोंडं हळूहळू पूर्वेकडे वळायला लागतात. चूल दक्षिणेला परतते, आशिया थंड पडतो, हवा उत्तरेकडून खाली निघते आणि उजवीकडे वळत वळत ईशान्येची होते. डावा हात आता दक्षिणेकडे, विषुववृत्ताकडे दाखवतो. इकडे भिंतीच्या ताट्या निघतात. परतीचा पाऊस अथणी-गोकाककडच्या काळ्या रानात मुरतो, त्या ओलीवर शाळू पेरतात. आणि भाताच्या मळणीला, खानापूरकडच्या खळ्यावर, तिपाईवर उभी राहिलेली बाई सूप उचलायच्या आधी चिमूटभर भुसा सोडून बघते. तो पश्चिमेकडे उडाला की ती उफणायला सुरुवात करते.